सुभेदार रामजी सकपाळ : पेन्शनीतली दोन दशके

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजीही पलटणीतले. रामजी मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार-मेजर हा त्यांचा हुद्दा. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातल्या भीमाबाई त्यांच्या पत्नी. सासरेही सुभेदार-मेजर होते. या दांपत्याचे चौदावे अपत्य भीमराव, म्हणजेच पुढचे बाबासाहेब आंबेडकर, १४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत जन्माला आले. नोकरीच्या वर्षांची हकीकत एवढ्यात सांगून होते. मागोवा घ्यावा असा काळ वर्दी उतरल्यानंतरचा आहे.

महार शिपायाच्या घरात अक्षर आले ते छावणीच्या वाटेने. त्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्याला ओटीवरही जागा नव्हती, त्याच्या मुलाला पलटणीच्या शाळेत पाटी मिळे. त्यामुळे १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तेव्हा भाकरीबरोबर शाळाही गेली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत बळावला आणि ज्यांच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या पूर्वजांची नावे सरकारनेच कोरेगावच्या स्तंभावर कोरून ठेवली होती, ते एकाएकी लढण्यास नालायक ठरले. लष्करी सुधारणा म्हणून हा निर्णय सांगितला जातो. तो विश्वासघात होता.

या निर्णयाविरुद्ध पहिले उभे राहिले ते पेन्शनरच. महाडजवळच्या रावढुळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’तर्फे १८९४ मध्ये सरकारसाठी विनंतीअर्ज तयार केला. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्जाचा मसुदा करून घेतल्याचे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. अर्जांना यश आले नाही. पण पुढे या समाजाने सरकारदरबारी जे शेकडो अर्ज केले, त्यांचा कित्ता या निवृत्त शिपायांनी घालून दिला.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला आले. तिथे महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती, तरी नगरपालिकेच्या शाळेत त्यांच्या मुलांना दार उघडत नव्हते. मग साताऱ्यात बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा मिळाली. तिथेच १८९६ च्या सुमारास भीमाबाई वारल्या. चौदा बाळंतपणे, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवलेला संसार आणि गेलेल्या लेकरांचे दुःख, एवढे या बाईने सोसले. चरित्रग्रंथांत तिच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात, हा अन्याय अजून कुणी दूर केलेला नाही. रामजींची बहीण मीराबाई हिने मुले सांभाळली. पुढे रामजींनी जिजाबाईंशी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव दुखावले. घरातली ही तेढ खरी होती आणि ती झाकण्याचे कारण नाही.

साताऱ्यात पेन्शन होती, पगार होता, धोब्याला द्यायला पैसे होते, पण या घरचे कपडे धुवायला धोबी तयार नव्हता. न्हावी मिळत नसे म्हणून मुलांचे केस बहीण कापत असे. दुष्काळात उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदायला घेतला होता, तिथे रामजी खजिनदार म्हणून गेले. हजारो माणसे मरत असताना मजुरीचा पैसा हाताळण्याचे ते काम. १९०१ मध्ये मुले त्यांना भेटायला निघाली. येत असल्याचे पत्र नोकराने रामजींना दिलेच नव्हते, त्यामुळे मसूर स्टेशनवर कुणी आले नाही. जात कळताच गाडीवाले फिरले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकाने बैलगाडी दिली, पण हाकायची मुलांनीच. तो स्वतः बाजूने चालत राहिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मुलांच्या हालांची ही कथा सर्वांना ठाऊक असते. पलीकडे दुष्काळी कामावर हिशेब लिहीत बसलेला, मुले निघाल्याचा पत्ता नसलेला बाप मात्र कुणाला दिसत नाही.

रामजी कबीरपंथी होते. घराला शिस्त पलटणीची आणि धाक भजनाचा. भीमराव आणि थोरले भाऊ आनंदराव यांना ते रोज रामायण-महाभारत मोठ्याने वाचायला लावीत. घरातल्या मुली आणि कथा ऐकायला जमलेले शेजारी हे श्रोते. हा परिपाठ कित्येक वर्षे चालला. त्याला संस्था म्हणावे असे नाव नव्हते, वर्गणी नव्हती, पण ती समाजसेवाच होती. शूद्रांना कमी लेखणारे ग्रंथ का वाचायचे, असे भीमरावांनी विचारले. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही माणसे खालून किती वर चढली हे पाहून मुलाच्या मनातला न्यूनगंड जावा, हा बापाचा हेतू होता.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. खोली एकच. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी पाठ करून घेतली. नव्या पुस्तकासाठी पैसे नसले की सुभेदार लेकीच्या दारात जात. तिच्याकडे नसले तर दुसरीचा दागिना मागून मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती पडताच सोडवून परत देत. ज्या शिक्षणाचा देशाला अभिमान वाटतो, त्यात या दोन बहिणींचे दागिने आहेत.

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीवर होते. वडील आजारी असल्याची तार आली. सुरतेला बर्फी घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजींचा जीव जणू त्यांच्यासाठीच अडला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले.

आज १४ एप्रिल मोठ्या दिमाखात साजरा होतो. २ फेब्रुवारी मात्र एरवीच्या दिवसासारखा निघून जातो. रामजींबद्दल आज जे सांगता येते, त्यातले बरेचसे त्यांच्या मुलाने लिहिले म्हणून उरले. बाकीच्या पेन्शनरांची मुले बाबासाहेब झाली नाहीत. त्यांची आयुष्ये पेन्शनबुकात आणि अर्जांच्या नकलांत अडकली आहेत. ज्या घरांत असा एखादा कागद, पट्टा किंवा पदक असेल, त्यांनी तो रद्दीत जाऊ देऊ नये, गावच्या वाचनालयात किंवा विहारात नोंद करून ठेवावा.

ज्या भरतीबंदीविरुद्ध या पेन्शनरांनी अर्ज केले, ती १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिल्याने उठली. १९२१ मध्ये ती पलटण मोडली गेली. महार रेजिमेंट बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ रोजी स्थापन झाली, तेव्हा रामजींना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.