बाभळीखालची मॅटाडोर

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परत येताना आमचे थोरले बंधू एकदम म्हणाले, "थांब, थांब, रिक्षा थांबव." रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गिरणीमागे, बाभळीच्या झाडाखाली एक मॅटाडोर उभी होती. चाके मातीत रुतलेली, काचा फुटलेल्या, हौद्यात गवत उगवलेले. पण मागच्या फाळक्यावरचा हिरवा रंग आणि शेठजींचे अर्धवट पुसलेले नाव आम्हा दोघांना ओळखू आले. याच गाडीवर आमच्या वडिलांनी चौदा वर्षे हमाली केली. याच हौद्यात पोत्यांवर बसून आम्ही भाऊ आठवडी बाजाराला जात होतो.

आज कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो. हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. हॅम्बुर्गच्या त्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो या कंपनीने १९५८ साली तीनचाकी हॅन्सिट आपल्याकडे बनवायला घेतली. १९६९ साली मॅटाडोर आली. मॅटाडोरचे इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. मागे जाणारा दांडा नसल्याने हौदा जमिनीपासून कमी उंचीवर ठेवता येई. पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला ती कमी उंची म्हणजे काय, हे हमालाच्या घरातच कळते. मात्र भरल्या गाडीने घाट चढताना वजन मागे जाई आणि पुढची चाके जागीच फिरत. मग वडील उतरून चाकाखाली दगड लावीत. त्या कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे.

शेठजी वारले होते. त्यांच्या मुलाने सत्तर हजार सांगितले. भंगारवाला पस्तीस द्यायला तयार होता. आम्ही विचार करतो म्हणून उठलो.

घरी आलो तर पुतण्या हट्टाला पेटला. त्याची कारखान्यातील नोकरी सुटून पाच महिने झाले होते. फंडाचे एक लाख साठ हजार हातात होते. "काका, गाडी घेतो, दुरुस्त करतो आणि भाड्याने चालवतो. आजोबांची गाडी आहे, बरकत येईल." त्याची आईही त्याच्या बाजूची. आम्ही एवढेच म्हणालो, "आधी मिस्त्रीला दाखवू, मग कागद बघू, मग बोलू."

मिस्त्री जुने जाणते. त्यांनी सेल मारू दिला नाही. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी पान्याने हाताने फिरवल्यावर इंजिन हलले. इतकी वर्षे उभ्या इंजिनाला एकदम बॅटरी लावली तर अडकलेल्या रिंगा मोडतात, असे ते म्हणाले. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत गेले. पुढे खणखणीत आवाज आला, मागच्या पाट्यांजवळ बद्द. म्हणजे आतून गंज. ब्रेकचे सगळे रबर, टायर, वायरिंग, डिझेलची टाकी नवीन लागणार. खर्चाचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला.

कागदांचे काम आमचे. पुस्तकावर पहिली नोंदणी १९७३ ची. चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतला, तो जुळला. इंजिन नंबर मात्र जुळला नाही. कधीतरी इंजिन बदललेले, पण नोंद केलेली नाही. पुस्तकात एका पतसंस्थेचा बोजा अजून उभा. मालक मयत, म्हणजे वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, बोजा फॉर्म ३५ ने उतरवायचा, त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर आमच्या नावे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे लफडे आपल्या दारात बांधणे.

पुतण्याने कुठेतरी ऐकले होते की पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून सवलत मिळते. तो नियम २०२१ साली आला हे खरे. पण व्हिंटेज नोंद झालेली गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही आणि तिच्या इंजिनात, चेसिसमध्ये फेरफार झालेला चालत नाही. भाड्याने चालवायची तर दरवर्षी फिटनेस, विमा, वर जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. त्या गंजलेल्या चेसिसवर हे कसे निभावणार?

त्या रात्री पुतण्या जेवला नाही. आईनेच त्याला जवळ बसवले. म्हणाली, "तुझ्या आजोबाने पोती वाहिली ती तुम्ही गाडीत पैसे घालावेत म्हणून नाही रे. फंडाला हात लावू नकोस."

शेवटी ठरले ते असे. पुतण्याचा पैसा बँकेतच राहिला. तो आता एका कुरिअरच्या गाडीवर ड्रायव्हर आहे आणि कामाचे वळण शिकतो आहे. गाडी आम्ही दोघा भावांनी निम्मे निम्मे घालून घेतली. अडतीस हजारांत, तीही वारसाने कागद पूर्ण केल्यावरच. यात चार महिने गेले. मधल्या काळात भंगारवाला दोनदा येऊन गेला. शेठजींच्या मुलाने शब्द पाळला, हे सांगायलाच हवे.

गाडी क्रेनने ओढून आणली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत उभी केली. रस्त्यावर आणायची की नाही, ते परिवहन कार्यालयात विचारून सावकाश ठरवू, घाई नाही. आणली त्या दिवशी आई काठी टेकत मागे गेली, फाळक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढीशीच होती का ही? मला केवढी मोठी वाटायची."

जुनी गाडी घेणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे इतकेच. आठवणीसाठी घ्यायची तर आठवणीपुरताच पैसा घाला. पोटासाठी घ्यायची तर डोळे पुसून, चष्मा लावून आधी कागद वाचा.