हिरड्यांचा विकार आणि मधुमेह

परिदंतशोथ (रूढ नाव पायोरिया) हा हिरड्या व दातांभोवतीच्या हाडाचा जुनाट दाह असून मधुमेहाशी त्याचा संबंध दुहेरी आहे. रक्तशर्करा अनियंत्रित राहिल्यास हा विकार बळावतो. उलट दाहामुळे रक्तात मिसळणारी द्रव्ये इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. दातांच्या मुळांवरील कीटण काढल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ ने (उदा. ८ वरून ७.६) उतरल्याचे चाचण्यांत आढळले आहे. हृदयविकाराबाबत असा पुरावा नाही. समग्र दंतवैद्यकाचे व्यापक दावे म्हणूनच तपासून घ्यावे लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तर संधिवातावर उपाय म्हणून असंख्य दात विनाकारण उपटले गेले. परिदंतशोथ बहुधा दुखत नाही. दात घासताना येणारे रक्त हेच त्याचे पहिले लक्षण असते.