चादरीची नक्षी आणि संगणकाची फाइल

सोलापुरी चादरीवरची नक्षी तुम्ही पाहिली असेलच. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास बनवलेल्या मागात अशी नक्षी पुठ्ठ्यांवरील छिद्रांत साठवली जाई. चौकटींच्या कागदावरील एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे खालीच राही. पुठ्ठे क्रमाने ओवले की सारी नक्षी एका माळेत येई.

संगणकातही असेच करावे लागते. समजा, प्रोग्रॅममध्ये ‘विद्यार्थी’ नावाचे ऑब्जेक्ट आहे. त्याचे नाव, इयत्ता आणि गुण स्मृतीत वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ऑब्जेक्टजवळ पुष्कळदा त्यांचे केवळ पत्ते असतात. वीज गेली की ही स्मृती पुसली जाते. मग ते पत्ते फाइलीत लिहून काय उपयोग? म्हणून प्रत्यक्ष माहितीच ठरलेल्या क्रमाने लिहितात: नाव, इयत्ता, विषय किती, मग तितके गुण. यालाच सीरियलायझेशन म्हणतात. फाइल वाचताना त्याच क्रमाने नवे ऑब्जेक्ट उभे करतात. क्रम बदलला, तर इयत्तेच्या जागी गुण वाचले जातील!

करून पाहा. पाच बाय पाच चौकटींत एक फूल काढा. भरलेल्या चौकटीस १, रिकामीस ० मानून पंचवीस अंक सलग लिहा आणि मित्राला द्या. एका ओळीत पाच चौकटी आहेत हे सांगितल्यावाचून त्याला फूल सापडते का? माहितीइतकाच तिच्या मांडणीचा नियमही जपावा लागतो, तो यासाठी.