खाज्या नाईक

खाज्या नाईक (मृत्यू : 1860) हे 1857च्या उठावातील खानदेशचे भिल्ल पुढारी होते. ब्रिटिश कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘काजरसिंग’ असाही आढळतो. ज्या सेंधवा घाटाच्या रक्षणासाठी त्यांची नेमणूक झाली होती, त्याच घाटाच्या परिसरात त्यांनी कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले.

पार्श्वभूमी
मराठी राज्यात सातपुड्यातील घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे. वाटसरू व मालाच्या रक्षणाबद्दल त्यांना परंपरागत हक्क मिळत. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेल्यावर या व्यवस्थेला धक्का बसला आणि भिल्लांचे उठाव सुरू झाले. केवळ बळाने ते शमेनात, तेव्हा 1825 मध्ये जेम्स औट्रम याने ‘खानदेश भिल्ल कोर’ उभी केली. तिचे ठाणे धरणगाव (आता जळगाव जिल्हा) येथे होते. ज्यांच्यापासून भय, त्यांनाच पगारी शिपाई करावे, हे त्यामागील धोरण होते. घाटांच्या राखणीसही असेच पगारी रूप आले.

सेवा आणि शिक्षा
मुंबई–आग्रा मार्ग शिरपूरच्या उत्तरेस सेंधवा घाटातून सातपुडा ओलांडतो. खाज्यांचे वडील गुमान नाईक या घाटाचे रखवालदार होते. त्यांच्यामागे खाज्यांनी सुमारे दोन दशके ही चाकरी केली. पुढे एका संशयित चोराचा मारहाणीत मृत्यू झाल्यावरून त्यांना दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. मुदतीपूर्वी त्यांची सुटका झाली आणि 1857 मध्ये त्यांना पुन्हा घाटावर नेमण्यात आले.

उठाव
उत्तर हिंदुस्थानातील उठावाची वार्ता पसरताच खाज्यांनी चाकरी सोडली. भीमा नाईक त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या लोकांनी मुंबई–आग्रा मार्गावर सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. खानदेश भिल्ल कोर मात्र कंपनीच्या चाकरीत राहिली. त्यामुळे भिल्ल समाज दोन्ही बाजूंना विभागला गेला.

11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणी येथे ब्रिटिश फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांबरोबर अरब व मकराणीही लढले. खाज्यांचा मुलगा मारला गेला, अनेक स्त्रिया कैद झाल्या आणि पकडलेल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या निसटले, तथापि 1860 मध्ये एका मकराणी जमादाराने विश्वासघाताने त्यांना ठार केले.

महत्त्व
खाज्यांना केवळ बंडखोर वा केवळ सरकारी नोकर मानल्यास त्यांचे चरित्र अपुरे राहते. घाटाची राखण हा त्यांच्या घराण्याचा वारसा होता. कंपनीने तो पगारी नोकरीत बदलला. नोकरी काढून घेता येत होती, पण डोंगरवाटांचे ज्ञान आणि लोकांचा विश्वास काढून घेता येण्याजोगा नव्हता. उठावात खाज्यांच्या उपयोगी पडले ते हेच बळ.