कोरियन गाण्यांची जत्रा

गाण्याच्या कार्यक्रमाला जाताना श्रोत्याने काय तयारी करावी? आपला अनुभव असा की फारशी काहीच नाही. तिकीट खिशात टाकावे, वेळेवर जागा धरावी, आवडले तर दाद द्यावी, नाही आवडले तर चहाला बाहेर पडावे. परंतु ‘के-कॉन’ नावाच्या कोरियन गाण्यांच्या मेळाव्याला निघालेल्या मुलामुलींची तयारी कितीतरी दिवस आधीपासून चालू असते. कोणत्या गाण्यात कोणत्या मात्रेला काय ओरडायचे याचे पाठांतर होते. अनोळखी लोकांना वाटण्यासाठी घरी छापलेली चित्रे कापून पाकिटांत भरली जातात. हातात धरायच्या दिव्याचे सेल बदलले जातात. आवडत्या गाण्याचे नृत्य आरशासमोर घोटून झालेले असते. एवढी तयारी परीक्षेची केली असती तर, असे वाक्य इथे काही प्राध्यापकांच्या ओठांवर येईल. ते त्यांनी क्षणभर आवरावे, कारण या मेळाव्याचा सारा डोलारा ह्याच तयारीवर उभा आहे.

प्रथम मेळाव्याची जन्मकथा. चाहत्यांनी एकत्र जमण्याची प्रथा जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा जेमतेम दोनशे माणसे जमली होती. १९७० साली सान डिएगो येथे चित्रकथांच्या वाचकांनी आपला मेळावा सुरू केला. तो आज अवाढव्य झाला असला तरी त्याची संस्था अजूनही नफ्यासाठी चालत नाही. दोन्ही ठिकाणी मांडव वाचकांनीच घातला होता. के-कॉनची गोष्ट उलटी आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील अर्वाइन गावी तो प्रथम भरला, आणि मांडव घातला होता तो एका कंपनीने.

ही कंपनी म्हणजे सीजे. तिचे मूळ नाव चेइल जेदांग, आणि १९५३ साली तिचा जन्म झाला तो साखरेचा कारखाना म्हणून. साखरेवरून ती इतर खाद्यपदार्थांकडे वळली. १९९५ साली तिने हॉलिवूडच्या नव्याने निघालेल्या ड्रीमवर्क्स कंपनीत तीस कोटी डॉलर घातले आणि करमणुकीच्या धंद्यात पाय रोवला. त्याच सुमारास कोरियात एका सरकारी अहवालातले गणित फार गाजत होते: ‘जुरासिक पार्क’ या एका चित्रपटाची मिळकत म्हणजे पंधरा लाख ह्युंदाई मोटारींच्या विक्रीएवढी. पोलाद आणि जहाजे विकून वर आलेल्या देशाला हा हिशेब झोंबला असल्यास नवल नाही. गाणी आणि नाटके हाही निर्यातीचा माल होऊ शकतो, हा विचार तिथे मूळ धरू लागला तो असा. आज के-कॉनमध्ये ज्या कंपनीच्या मंचावर गायक बघायला लोक येतात, तिच्याच ‘बिबिगो’ नावाच्या मोमोसारख्या पदार्थांचा स्टॉलही तिथे असतो. साखरेपासून सुरांपर्यंत सगळे एकाच घरचे.

पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार माणसे आली. २०१९ साली लॉस एंजेलिसच्या मेळाव्यात हा आकडा एक लाखाच्या पुढे गेल्याचे संयोजकांनी जाहीर केले. मधल्या काळात न्यूयॉर्कजवळ, जपानमध्ये, २०१६ साली अबू धाबी आणि पॅरिसमध्ये, २०१७ साली मेक्सिको सिटी आणि सिडनीमध्ये, २०१८ साली बँकॉकमध्ये मांडव पडला. २०२० साली महामारीमुळे सारा कारभार पडद्यावर गेला आणि २०२२ साली पुन्हा प्रत्यक्ष जमणे सुरू झाले. २०१४ साली लॉस एंजेलिसच्या मंचावर बीटीएस नावाचा एक गट गाऊन गेला. त्याला बाजारात येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या रात्री ज्यांनी तो पाहिला, ती मंडळी पुढे हे सांगताना थकत नाहीत.

मेळाव्याचे दोन भाग असतात. दिवसा मोठ्या सभागृहात स्टॉल, चर्चा आणि शिकवण्या. संध्याकाळी शेजारच्या रंगमंदिरात गाणे. दिवसाचा भाग म्हणजे शब्दशः जत्रा. एका टोकाला प्रसाधने, दुसऱ्या टोकाला खाणे, मध्ये गाण्यांच्या तबकड्या.

ह्या तबकड्यांचे प्रकरण जरा समजून घेतले पाहिजे. गाणे तर मोबाईलवर ऐकता येते. मग तबकडी कोण घेतो? तबकडीच्या पाकिटात गायकाचे एक लहानसे छायाचित्र असते, त्याला फोटोकार्ड म्हणतात. २०१० साली ‘गर्ल्स जनरेशन’ या गटाच्या ‘ओह!’ या तबकडीबरोबर अशी कार्डे निघाली आणि ती चाल रूढ झाली. गटात नऊ जणी असतील तर नऊ प्रकारची कार्डे. आपल्या पाकिटात कोणाचे निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्या जत्रेतले सोरट ज्याने खेळले आहे त्याला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. हवे ते कार्ड निघेपर्यंत एकच तबकडी पाचदा, दहादा घेणारे लोक आहेत. गायकाची सही मिळण्याच्या भेटीसाठीही बरेचदा चिठ्ठ्या टाकतात, आणि जेवढ्या तबकड्या तेवढ्या चिठ्ठ्या. कंपनीच्या हिशेबात ही विक्री झाली. ऐकणाऱ्याच्या घरी मात्र न उघडलेल्या प्लॅस्टिकची रास जमते. २०२१ साली खुद्द चाहत्यांनीच ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ नावाची चळवळ काढून कंपन्यांना या कचऱ्याचा जाब विचारला, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. गिऱ्हाईकच दुकानदाराला माल कमी विक म्हणून सांगते आहे!

पण त्याच सभागृहाच्या एखाद्या कोपऱ्यात जमिनीवर फतकल मारून बसलेले घोळके दिसतात. त्यांच्या पुढ्यात कार्डांच्या वह्या उघडलेल्या असतात. तुझ्याकडे हा, माझ्याकडे तो. देवाणघेवाण चाललेली असते. पैशाचे नाव निघतेच असे नाही. कोणी घरी ओवलेल्या मण्यांच्या माळा मनगटात बांधून जातो, कोणी चित्राचा चौकोन हातावर ठेवतो आणि नावही न सांगता पुढे जातो. ह्या वाटपाला कंपनीचा परवाना नाही आणि दरपत्रकही नाही. सभागृहात जे विकत मिळते ते कंपनीचे आणि जे फुकट मिळते ते प्रेक्षकांचे, असा ढोबळ भेद करता येईल. दुसरे नसते तर पहिले घेण्यासाठी एवढ्या लांबून कोण आले असते, हा प्रश्न मात्र उरतो.

दिवसाच्या कार्यक्रमातला मला सर्वांत आवडणारा प्रकार म्हणजे ‘रँडम प्ले डान्स’. मोकळी जागा सोडून लोक रिंगण धरतात. ध्वनिक्षेपकावर कोणत्याही गाण्याचा तुकडा अचानक सुरू होतो, बहुधा ध्रुपदाचा. ज्याला त्या गाण्याचे नृत्य येते त्याने धावत रिंगणात यायचे आणि आपली जागा घ्यायची. अर्ध्या मिनिटात तुकडा संपतो, दुसरा लागतो, पहिले पळतात, दुसरे येतात. एकमेकांना कधी न पाहिलेली वीस-तीस माणसे एका क्षणात ओळीत उभी राहून एकच पाऊल टाकतात. कोणी जाड, कोणी चष्मेवाला, कोणी मुलीला घेऊन आलेली आई. शिक्षक नाही, तालीम नाही, बक्षीसही नाही.

आता संध्याकाळ. हा नुसता जलसा नसतो. एमनेट या कोरियन वाहिनीच्या ‘एम काउंटडाउन’ ह्या कार्यक्रमासाठी त्याचे चित्रीकरण होते. म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक हा त्या चित्रीकरणातला बिनपगारी नटही असतो. त्याची मुख्य भूमिका घोषणांची. तिला ‘फॅनचँट’ म्हणतात. तिचे शास्त्र पाहण्यासारखे आहे. कोरियन नाव बहुधा तीन अवयवांचे असते, आडनावाचा एक आणि नावाचे दोन. किम-नाम-जून. किम-सोक-जिन. मिन-युन-गी. चार मात्रांच्या आवर्तनात तीन मात्रा नावाच्या आणि एक विरामाची, असे ते चपखल बसते. बीटीएसमध्ये सात जण. सात आवर्तनांत सातांची नावे होतात, आठव्यात गटाचे नाव, आणि आठ आवर्तनांचे वाद्यसंगीत भरून निघते. नेमक्या त्या क्षणी गायक तोंड उघडतो. आपल्याकडे दिंडीत टाळकरी जसा बरोबर जागेवर टाळ वाजवतो, तसे हे हजारो लोक जागा चुकत नाहीत. नव्या गाण्याच्या घोषणा कंपनी आधीच प्रसिद्ध करते. पाठ करण्याचे काम ज्याचे त्याने करायचे.

पाठ करताना पहिली अडचण लिपीची. रोमन अक्षरांत लिहिलेले कोरियन वाचले की उच्चार हमखास बिघडतात, म्हणून पुष्कळ चाहते कोरियन लिपी शिकतात आणि मेळाव्यात तिच्या शिकवण्याही होतात. सेजोंग राजाने १४४३ साली ही लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली प्रजेपुढे ठेवली. आज तिच्यात मूळ अक्षरे चोवीस, चौदा व्यंजने आणि दहा स्वर. व्यंजनाला स्वर जोडून एका चौकोनात एक अवयव बसवायचा अशी तिची रीत आहे. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ती लवकर उमगते, इंग्रजी शाळेतल्या अमेरिकन मुलापेक्षा तर नक्कीच. ज्या महाविद्यालयाच्या अंकात मराठी आणि कन्नड लिपी शेजारी शेजारी नांदतात, तिथल्या विद्यार्थ्याने तिसरीला भिण्याचे कारण नाही.

घोषणांच्या जोडीला दिवे. १९९० नंतरच्या दशकात एच.ओ.टी. गटाचे चाहते पांढरे फुगे घेऊन येत आणि जेक्सकीसचे पिवळे. कोणाचा जोर किती हे फुग्यांच्या रंगावरून कळे. फुग्यांची जागा पुढे दिव्यांनी घेतली. बिगबँग गटाचा मुकुटाच्या आकाराचा दिवा आला आणि मग प्रत्येक गटाचा स्वतंत्र घाटाचा दिवा निघू लागला. हल्ली एकाच गटाचा जलसा असला की दिवा मोबाईलमार्फत आसनक्रमांकाशी जोडतात आणि साऱ्या मैदानाचे रंग एका ठिकाणाहून बदलतात. दिसायला ते फार सुंदर दिसते. तरी हात आपला आणि दिवा दुसऱ्याच्या ताब्यात, ही कल्पना मला थोडी खटकते. के-कॉनमध्ये अनेक गट आणि अनेक प्रकारचे दिवे एकत्र येतात, त्यामुळे तिथे रंगांची सरमिसळ असते.

ही सरमिसळ नेहमीच गुण्यागोविंदाने नांदली असे नाही. जून २००८ मध्ये सोल येथे ‘ड्रीम कॉन्सर्ट’ नावाचा अनेक गटांचा एकत्र कार्यक्रम होता. ‘गर्ल्स जनरेशन’च्या मुली मंचावर आल्या आणि इतर गटांच्या चाहत्यांनी ठरवून आपले दिवे मालवले, तोंडे मिटली. सुमारे दहा मिनिटे त्या मुली अंधाराकडे पाहत गात आणि नाचत राहिल्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. ‘काळा समुद्र’ हे नाव ह्या प्रकाराला पडले ते कायमचे. ज्या दिव्यांनी नुकताच बाजारात आलेला एखादा गट उजळून निघतो, तेच दिवे विझवून एखाद्याला मारताही येते, हे प्रेक्षकांना त्या दिवशी कळले. के-कॉनला जाणाऱ्या नवख्याला जुने चाहते आजही पहिली गोष्ट हीच सांगतात, की आपल्या गटाची पाळी नसेल तेव्हाही दिवा खाली ठेवायचा नाही.

मंचावरच्यांच्या आयुष्याविषयीही दोन शब्द. २००९ साली टीव्हीएक्सक्यू गटातल्या तिघांनी आपल्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांचा करार तेरा वर्षांचा होता. त्याच वर्षी कोरियाच्या व्यापार आयोगाने नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. चाहत्यांनी त्या तिघांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पदरमोड करून जाहिराती दिल्या होत्या. आज एखादा गट सातव्या वर्षात आला की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो तो ह्या मुदतीमुळे.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला जावेसे वाटले तर? लॉस एंजेलिस किंवा टोकियो म्हणजे विमान, व्हिसा आणि मुक्काम. तिकिटाची किंमत त्यापुढे किरकोळ ठरते. दुसऱ्याकडून घेतलेली तिकिटे पुष्कळदा बनावट निघतात, तेव्हा ती अधिकृत ठिकाणाखेरीज घेऊ नयेत. गायकांच्या हाताला हात लावण्याची जी रांग असते, तिच्यासाठी वेगळी पात्रता किंवा चिठ्ठी लागते आणि प्रत्यक्ष भेट काही सेकंदांची होते, हे आधी जाणून असावे. एवढ्या लांब न जाताही काही करता येते. दिल्लीत २०१२ पासून कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे. भाषेचे वर्ग आणि देशभरातल्या मुलामुलींसाठी गायन-नृत्याची स्पर्धा ते भरवते. ओडिशातल्या राउरकेलाची श्रेया लेंका २०२२ साली ‘ब्लॅकस्वान’ या कोरियन गटात निवडली गेली, तीही घरी नाच शिकत शिकतच तिथवर पोचली.

आणि रँडम प्ले डान्सला तर काहीच लागत नाही. एक ध्वनिक्षेपक, गाण्यांची एक यादी, रिंगणापुरती मोकळी जागा. आपल्या महाविद्यालयाच्या प्रांगणात वडाखाली तेवढी जागा सहज निघेल. यादीत एखादे कन्नड आणि एखादे मराठी गाणे घातले तरी कोरियातून कोणी हरकत घेणार नाही.