पाच पळांचा गुरू

सिंगापूरच्या मरीन परेडमध्ये अंगण कुणालाच नसतं. माझं अंगण म्हणजे ब्लॉकशेजारच्या बहुमजली कार पार्कची गच्ची. दुर्बीण, तिपाई, बॅटरी, लॅपटॉप असं तीसेक किलोंचं बिऱ्हाड लिफ्टने वर न्यायचं आणि ढगांकडे बघत बसायचं. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर. अशा वेळी ग्रह मध्यरात्री माथ्यावर यायला हवा. इथे तो येतो सव्वा वाजता, कारण १९८२ साल उजाडताना सिंगापूरने घड्याळ आणखी अर्धा तास पुढे ढकललं आणि तेव्हापासून ते सूर्याच्या तासभर पुढेच चालतं.

पुण्याहून आलेली आई थर्मासमध्ये चहा घेऊन शेजारी बसली होती. "अरे, त्या नासाकडे असतील की ढीगभर फोटो. तू कशाला जागतोस?"

तिला मी आधी अंतर सांगितलं. गुरू वर्षातला सर्वांत जवळ आला होता, आणि हे जवळ म्हणजे ६३ कोटी किलोमीटर. तिथून निघालेला प्रकाश आमच्यापर्यंत यायला ३५ मिनिटं लागतात. खिशातलं डॉलरचं नाणं काढलं. हे नाणं १०९ मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढा गुरू. पंचांगवाल्यांच्या मापात सुमारे ४७ विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; तेच नाणं पाच किलोमीटरवर नेलं की एक विकला होते. आणि गुरूवरची एक विकला म्हणजे जवळपास ३,१०० किलोमीटर, अख्ख्या भारताच्या उत्तर-दक्षिण लांबीहून शंभरेक किलोमीटरच कमी! माझ्या २० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला कागदावर यातला निम्म्याहून थोडा जास्त तुकडा वेगळा दिसू शकतो, म्हणजे साधारण १,७५० किलोमीटर. कागदावर.

कारण मध्ये हवा आहे. ६३ कोटी किलोमीटर प्रकाश सरळ येतो, कुणी अडवत नाही. मग शेवटचे सतराएक किलोमीटर राहतात, विषुववृत्तावरचं ढगावाऱ्याचं वातावरण. प्रवासाचा पावणेचार कोटींतला एक भाग. तेवढ्यात त्याची वाट लागते.

वाट लागायला फार काही लागतही नाही. मीटरभर लांबीची हवा शेजारच्या हवेपेक्षा एक अंश सेल्सिअसने गरम असली, की तिच्यातून आलेल्या प्रकाशात सुमारे एक मायक्रॉनचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनहून जराशी मोठी, म्हणजे जवळपास दोन लहरींचा घोळ. दुर्बिणीचा आरसा घासणारे पाव लहरीच्या चुकीवरही नाक मुरडतात. आणि मी बसलोय कुठे? दिवसभर तापलेल्या काँक्रीटवर, समोरच्या ब्लॉकच्या प्रत्येक मजल्यावर एसीचे डबे गरम वाफारा सोडताहेत. साठच्या दशकापर्यंत या जागी समुद्र होता. १९६६ पासून भर घालून पूर्व किनारा पुढे सरकवला, त्यासाठी बेडोक आणि सिगलापच्या टेकड्या कापल्या. समुद्र राहिला असता तर हवा कितीतरी शांत असती. पण मग तिपाई कुठे ठेवली असती म्हणा.

गंमत अशी की लोकांना वाटतं सिंगापूरचे दिवे हा माझा शत्रू आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशात प्रकाश-प्रदूषणात या देशाचा पहिला नंबर लागला. इथलं आकाश इतकं उजळ, की डोळे अंधाराला पूर्ण सरावतच नाहीत. आकाशगंगा विसरा. पण गुरूला त्याचं काही नाही, तो दिव्यांवर मात करण्याइतका प्रखर आहे. माझं भांडण हवेशी.

ही हवा गोधडीसारखी समजा, ठिगळाठिगळांची, प्रत्येक ठिगळाचं तापमान निराळं. डेव्हिड फ्राईड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हिशोब मांडला, की अशा गोधडीतून क्षणभर सगळं नीट दिसण्याची शक्यता किती. २० सेंटिमीटरची दुर्बीण घ्या. ठिगळं पाच सेंटिमीटर रुंद असतील तर व्हिडिओतल्या दर तीन फ्रेमांमागे एक चांगली. ३.३ सेंटिमीटर झाली, तर शंभरात दोन. दोन सेंटिमीटर झाली, तर दहा लाखांत एक! तीन सेंटिमीटरचा फरक, आणि तीनातून एकाची गाठ थेट दहा लाखांतून एकाशी. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा गणित करून बघितलं होतं.

मग दहा लाख फ्रेमा का घेत नाही? माझा कॅमेरा सेकंदाला दीडशे फ्रेमा घेतो, म्हणजे एक तास ५१ मिनिटं लागतील. तेवढ्यात गुरू ६७ अंश फिरलेला असतो. एवढा अवाढव्य गोळा, पृथ्वीच्या अकरापट रुंद, आणि दहा तासांच्या आत गिरकी पूर्ण करतो. मधोमधचे ढग सेकंदाला साडेबारा किलोमीटर पळतात. दोन मिनिटांत दीड हजार किलोमीटर, माझ्या दुर्बिणीच्या मर्यादेच्या जवळ. म्हणून व्हिडिओ दोन मिनिटांचाच. जुन्या मापात पाच पळं. त्यात १८,००० फ्रेमा, साडेपाच जीबी. सॉफ्टवेअर त्यातल्या बऱ्या निवडून एकावर एक रचतं. ३५० मिळाल्या तर चित्रातली खरखर अठरा-एकोणीस पटींनी कमी होते.

नासाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. १९ जुलै २००९ ला गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग आधी पाहिला तो अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियातल्या हौशी माणसाने, घरच्या दुर्बिणीतून. पुढच्या वर्षी ३ जूनला गुरूवर दोनेक सेकंदांचा झगमगाट झाला; तो वेस्लीने टिपला आणि फिलिपिन्समधल्या सेबूहून ख्रिस्तोफर गो याने. दोन सेकंद! त्या वेळी मोठ्या दुर्बिणी भलतीकडेच बघत असतात. जगभर माझ्यासारखे जागत बसलेले असतात म्हणून एखाद्याच्या पदरात पडतं.

एक वाजून दहा मिनिटांनी ढगांत फट पडली. आई स्क्रीनवर वाकली. "हा तर तेलातल्या पुरीसारखा हलतोय." खरंच, कडा फुगत होत्या, पट्टे विरघळत होते, मधेच एखाद्या क्षणी सगळं थबकून लख्ख दिसायचं आणि परत उकळायचं. रेकॉर्डिंग सुरू केलं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, जणू आमच्याच श्वासाने हवा ढवळत होती.

"यातल्या चांगल्या किती निघतील?"

"तीनशे-साडेतीनशे."

"अठरा हजारांत? तांदूळ निवडायलाच बसायचं की."

एकशेवीस सेकंद पुरे झाले आणि फट मिटली. इथे वर्षातले सरासरी १७१ दिवस पाऊस पडतो, जानेवारीत तर त्याला निमित्तही लागत नाही. फाइल कॉपी होत असतानाच पहिले टपोरे थेंब काँक्रीटवर वाजले. आईने छत्री आधी लॅपटॉपवर धरली, मग स्वतःवर.