टेकलं तरच दिसतं

"काय रे, कागदांना इस्त्री करतोयस की काय?" मामीनं माजघरातून येता येता विचारलं.

दिसत होतं तसंच. मी जमिनीवर मांडी ठोकून बसलेलो, समोर पाटापेक्षा थोडं मोठं काळं यंत्र, त्याच्या झाकणाखाली शेतसाऱ्याची एक जुनी पावती आणि झाकणावर माझा तळहात. वीज सकाळीच गेली होती. तरीही झाकणाच्या फटीतून प्रकाशाची एक रेघ सरपटत जाताना दिसली, तेव्हा मामीनं चहा खाली ठेवला आणि शेजारी बसली.

विजेविना चालणारा स्कॅनर ही जादू नाही, काटकसर आहे. सपाट काचेच्या छोट्या स्कॅनरला लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळते तेवढीच वीज पुरते: 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. वेगळा अडॅप्टर नाही, जी वायर चित्र नेते तीच वीज आणते. आपल्याकडे या जातीत बहुधा कॅननच्या 'लाइड' मालिकेतलं यंत्र भेटतं. त्यातल्या लाइड 400 ची जाडी 42 मिलिमीटर आणि वजन 1.7 किलो. अंथरूण-पांघरूण घेऊन निघणाऱ्या आमच्या घराण्याच्या हिशेबानं हे ओझंच नव्हे. सदऱ्यांच्या दोन घड्यांमध्ये आडवं ठेवलं की एसटीचे खड्डेही त्याला सोसतात. काही जुन्या मॉडेलांना पोटाखाली एक छोटी कळ असते, ती प्रवासाआधी बंद करायची. नाहीतर आतली पट्टी वाटभर आपटत राहते.

ती पट्टी हेच या यंत्राचं सगळं अंतरंग. मोठ्या, जाड्या स्कॅनरमध्ये दिवा, आरसे आणि एक भिंग असतं. कागदाचं चित्र आरशांवरून वळत वळत भिंगातून लहान होऊन सेन्सरवर पडतं. या फिरण्याला जागा लागते, म्हणून पेटी जाड. छोट्या स्कॅनरमध्ये आरसे नाहीतच. काचेखाली कागदाच्या रुंदीएवढी सेन्सरची रांग आणि तिच्यावर काचेच्या बारीक कांड्या दाटीवाटीनं बसवलेल्या. साध्या भिंगातून चित्र उलटं पडतं. या कांड्यांच्या रांगेतून ते सुलटं आणि मूळ मापाचंच पडतं, तेही अगदी जवळ. प्रति इंच 2400 ठिपके घेणाऱ्या यंत्रात साडेआठ इंचांच्या पट्टीवर अशा वीस हजार नोंदी होतात. गंमत म्हणजे या सेन्सरला रंग कळत नाहीत. लाल, हिरवा, निळा असे एलईडी पाळीपाळीनं उजळतात, प्रत्येक वेळी फक्त उजेड-अंधार मोजला जातो, आणि तिन्ही मापं एकत्र करून रंग ठरवला जातो. स्कॅन चालू असताना कागद हलला तर अक्षरांना रंगीत कडा येतात त्या यामुळेच.

पण जवळून बघणाऱ्याला लांबचं दिसत नाही. काचेपासून कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला, की तेवढा भाग धुरकट. जाड पुस्तकाच्या शिवणीपाशी ओळी राखाडी होत विरून जातात त्या इथेच. पुस्तक दाबून उपयोग होतो, पण कणा मोडतो. ज्यांना रोजच पुस्तकं करायची आहेत त्यांच्यासाठी काच अगदी कडेपर्यंत आणलेले स्कॅनर निघाले आहेत. जुनी पुस्तकं ज्यांच्या जिवाची आहेत त्यांनी ते घ्यावेत. निगेटिव्हचंही तसंच. तिला पलीकडून उजेड हवा आणि या जातीच्या बहुतेक यंत्रांच्या झाकणात दिवा नसतो.

सुट्या कागदांचा मात्र हा राजा आहे. आणि आपल्या घरांत सुटे कागदच जास्त. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून असेच कागद गोळा करत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, पुढे संख्या 22 वर गेली. त्यांना कागद मिळवायचा आणि हातानं नक्कल करायची, किंवा मालकाची मनधरणी करून तो न्यायचा, एवढेच मार्ग होते. कागद मालकाच्याच घरात राहून हुबेहूब नक्कल आपल्याबरोबर येते, हे सुख त्यांना मिळालं असतं तर किती घरांची दारं उघडली असती, असं मला नेहमी वाटतं.

मामीच्या फडताळातून निघालं ते राजवाड्यांच्या कामाचं नव्हतं. रुमालात बांधलेल्या पावत्या, एक मोडी गहाणखत, कसरीनं चाळण केलेली दोन पोस्टकार्डं, आजोबांची गुंडाळी केलेली जन्मपत्रिका. गहाणखताचा कागद पातळ होता, मागची शाई पुढे डोकावत होती. झाकणाच्या आतला पांढरा रंग ती उलट उजळवतो. मागे काळा कार्डपेपर ठेवला आणि अक्षरं सुटी झाली. मोडी मला वाचता येत नाही. ज्याला येतं त्याला मी हे पाठवणार होतो, म्हणून 600 ठिपक्यांवर घेतलं. ए-फोर कागद 300 वर घेतला तर 2480 बाय 3508 ठिपके होतात, छापील मजकुराला तेवढे खूप. 600 वर चौपट. बोटभर उंचीच्या समूहछायाचित्रात वीस माणसं असतील तर 1200 वरही कंजूषपणा करू नये, कारण पुढे कोणीतरी त्यातला एकच चेहरा मोठा करून मागणार असतो.

जन्मपत्रिका सात तुकड्यांत झाली. प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा चार बोटं भाग ठेवायचा, म्हणजे नंतर जोडता येतात. साठेक कागद झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्याशी एक केस आहे. तोच केस. तो काचेवर होता, आणि दोष सर्वस्वी माझा. काच पुसून (ओलं करायचं ते फडकं, काच कधीच नाही) सगळं पुन्हा केलं. मोबाइलनं हेच काम अर्ध्या तासात झालं असतं, हे खरं. पण त्यात प्रत्येक कागदावर माझ्या डोक्याची सावली असती आणि चौकोन चौकोनी राहिला नसता.

शेवटी मामीनं भिंतीवरची तसबीर काढून आणली. मामाचा तरुणपणीचा फोटो, स्टुडिओतला. "हा राहिला की."

मागचे खिळे काढून पाहिलं. कोकणातल्या इतक्या पावसाळ्यांनी फोटो काचेला चिकटवून टाकला होता. ओढला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता. काचेसकट स्कॅनरवर ठेवला. मधे दोन मिलिमीटरची काच, आणि यंत्रानं मामाला धुक्यात उभा केला. मिशा तेवढ्या ओळखू येत होत्या.

"हे गं कसं," मामी स्वतःशीच म्हणाली.

मग मोबाइल काढला. खिडकीपाशी तसबीर टेकवून पहिला फोटो घेतला, तर काचेत मामीच उमटली, मामाच्या खांद्यामागे चहाचा कप घेऊन. काळी शाल शोधली, ती दोन्ही हातांनी पसरून मामीला माझ्या मागे उभं केलं, आणि दुसरा घेतला.

"पहिला पुसू नकोस हं," शालीआडून आवाज आला.